गाणेच तर आहे!

‘गाणेच तर आहे!’ या तीन शब्दांशी आमचे भांडण आहे. मिरवणुकीच्या आयोजकांकडून ते आम्ही ऐकले, शांतता समितीच्या बैठकीतून बाहेर पडणाऱ्या प्रतिष्ठितांकडून ऐकले आणि आमच्याच धर्मग्रामातील आईबापांकडूनही ऐकले. भाषण असते तर चौकशी झाली असती, पत्रक असते तर जप्त झाले असते. पण गाणे म्हटले की सगळ्यांचेच ओठ सैल होतात. हे शब्द खोटे आहेत आणि त्या खोट्यात आपणही वाटेकरी आहोत, एवढे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात किन्हीराजा हे गाव आहे. अमरावती धर्मप्रांताच्या या भागात ख्रिस्ती घरे विरळ. एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये सोयाबीन आणि तुरीची मैलोगणती शेते लागतात, त्यामुळे आमचा निम्मा दिवस रस्त्यावरच जातो. अशाच एका फेरीत किन्हीराजाला चहासाठी थांबलो असता, ध्वनिक्षेपकांचे भलेमोठे खोके लादलेली एक गाडी शेजारी येऊन उभी राहिली. तिचा मालक आमच्याच धर्मशिक्षणाच्या वर्गात वाढलेला तरुण निघाला. कर्ज काढून त्याने हा डीजेचा व्यवसाय उभारलेला. दुसऱ्या एका गावची मिरवणूक आटोपून तो रात्रभराच्या जागरणाने लाल झालेल्या डोळ्यांनी परतत होता.

कसे झाले, म्हणून विचारले तेव्हा तो सहज सांगून गेला. मशिदीच्या वळणावर गाडी मुद्दाम बराच वेळ थांबविली गेली. तेथे त्याच्या हाती एक वेगळा पेनड्राइव्ह देण्यात आला आणि आवाज वाढविण्यास सांगण्यात आले. पलीकडच्या दुकानांची शटरे खाली आली. पोलीस उभे होते. काही घडले नाही. गाण्यात काय शब्द होते, हे विचारल्यावर तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, “फादर, पेनड्राइव्ह त्याइचा, बॉक्स माहे. मी तं फक्त बटन दाबतो. गानंच तं हाय!” आम्ही त्याला चार शब्द सुनावले. त्याने ते मान खाली घालून ऐकले, आमच्या चहाचे पैसे दिले आणि तो निघून गेला. महिन्याचा हप्ता त्याला भरावयाचा होता. तो आमच्या उपदेशाने भरला जाणार नव्हता.

पण दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ दाखविण्यापूर्वी आपल्या डोळ्यातील मुसळाकडे पाहावे, ही प्रभूची शिकवण. नाताळच्या कार्यक्रमासाठी याच तरुणाची यंत्रणा आम्ही भाड्याने घेतली होती. आपला मुलगा, दर कमी लावतो, एवढाच आमचा विचार. कार्यक्रमापूर्वी आवाजाची तपासणी करताना त्याच्याकडून चुकून नको ते गाणे लागले. जेमतेम अर्धा मिनिट वाजले असेल. तेवढ्या वेळात मैदानावरील दहा-बारा वर्षांच्या आमच्या मुलांनी हात उंचावून, अचूक जागी, त्या गाण्यातील प्रतिसादाची आरोळी दिली. आपल्या भक्तिगीताच्या दुसऱ्या कडव्यासाठी ज्यांना पुस्तक लागते, त्यांना शेजारच्या समाजाला दिलेली शिवी तोंडपाठ होती! त्यांच्या मनात द्वेष नव्हता, हे आम्ही शपथेवर सांगू. त्यातील कित्येकजण शाळेत त्याच समाजाच्या मुलांच्या बाकावर बसतात. द्वेष नसताना द्वेषाचे शब्द मुखोद्गत झाले होते. काही पालक हसले. पाहुणे समोर बसलेले असल्यामुळे आम्हीही काही बोललो नाही. त्या मौनाची टोचणी आजवर गेलेली नाही.

हे घडते कसे? प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात म्हटले आहे की लय आणि सुरावट या विचारशक्ती जागी होण्याच्या आधीच मनाच्या गाभाऱ्यात जाऊन बसतात. संत ऑगस्टीन यांना तर स्वतःच्याच कानांची भीती वाटे. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात ते कबूल करतात की, गायिलेल्या अर्थापेक्षा गायनानेच आपण अधिक हेलावलो, तर ते आपल्याला पापासारखे वाटते, आणि तरीही चर्चमध्ये गायन असावे, असाच कौल ते देतात. सेमिनरीत हे वाचताना आम्हाला तो संताचा अतिरेक वाटला होता. आज वाटत नाही. भाषण ऐकताना माणूस मनात नाही म्हणू शकतो. गाण्यात त्याला स्वतःलाच बोलावे लागते. चाल ओळखीच्या चित्रपटगीताची असते, म्हणून शिकावी लागत नाही. ध्रुपद सवाल-जबाबाच्या घाटाचे असते, म्हणून उत्तर आपोआप बाहेर पडते. खोक्यांचा दणका छातीत घुमतो, पाय हलू लागतात, भोवतीचे शंभरजण तेच म्हणत असतात. मत बनण्याच्या आधी संमती देऊन झालेली असते. घरी गेल्यावर तेच गाणे फोनच्या स्टेटसवर लागते आणि मग ते आपले मत आहे असे वाटू लागते. संघटनेची पावती पुढे केव्हातरी फाडली जाते. भरती त्याआधीच झालेली असते.

हे नवे आहे, डीजेने आणले आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच प्रांताचा इतिहास उघडावा. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात मोहरमचे ताबूत निघत तेव्हा हिंदू मोठ्या संख्येने त्यात सामील होत, वाजवीत, गात. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत दंगल झाली. १८९४ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव मोठ्या प्रमाणावर सुरू झाला, मोहरमवर बहिष्कार पुकारला गेला आणि गाणाऱ्या मुलांचे मेळे उभे राहिले. ताबुतांपुढे जाऊ नका, असे बजावणारी पदे त्यांत होती. त्याच वर्षी सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळील मशिदीसमोरून मेळा वाजतगाजत गेला आणि दंगल पेटली. मेळ्यांनी पुढे स्वदेशीचा आणि समाजसुधारणेचा प्रचारही केला, अनेक गुणी कलावंतांना पहिले व्यासपीठ दिले. ते श्रेय त्यांचे त्यांना द्यावेच लागेल. परंतु एका वर्षात गावकऱ्यांचे ढोल एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर गेले, ते कोणा पंडिताच्या ग्रंथामुळे गेले नाहीत. गाण्यामुळे गेले.

आपल्या विदर्भातील उदाहरण याहून बोलके आहे. १९२३ साली नागपूरला मशिदीवरून वाद्ये वाजवीत जाण्याचा वाद विकोपास गेला. अधिकाऱ्यांनी निर्बंध घातले, त्याविरुद्ध टाळ-मृदंगासह दिंड्या निघाल्या आणि त्याला दिंडी सत्याग्रह असे नाव पडले. डॉ. केशव बळिराम हेडगेवार त्यात पुढे होते. १९२५ मध्ये त्यांनी नागपुरातच राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली. १९२७ च्या सप्टेंबरात त्या शहरात मोठी दंगल झाली. सार्वजनिक रस्त्याने भजन म्हणत जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, हा युक्तिवाद आम्ही झिडकारीत नाही. आमच्याही मिरवणुका त्याच हक्कावर निघतात. आमचा प्रश्न निराळा आहे. दिंडी हा वारकऱ्यांनी महाराष्ट्राला दिलेला सर्वांत प्रेमळ गायनप्रकार. त्यातील प्रत्येक शब्द पांडुरंगाला उद्देशून असतो. तीच दिंडी भिंतीपलीकडच्या माणसाला ऐकू जावी म्हणून थांबून वाजू लागली, त्या क्षणी तिचा श्रोता बदलला. देवाच्या जागी शेजारी आला, आणि तोही खिजविण्यासाठी. शंभर वर्षांनंतर किन्हीराजाच्या त्या तरुणाची गाडी एका वळणावर थांबविली गेली, ती याच कारणासाठी.

अलीकडचेही सांगू. २८ मार्च २०२३ रोजी जळगाव जिल्ह्यातील पाळधी येथे मशिदीसमोर वाद्ये वाजविण्यावरून दोन गट एकमेकांवर धावून गेले. मुंबईचे पत्रकार कुणाल पुरोहित यांनी त्याच वर्षी ‘एच-पॉप’ हे पुस्तक लिहून अशा गीतांचा, ती रचणाऱ्या कवींचा आणि गाणाऱ्या कलाकारांचा धंदा कसा चालतो, याचा धांडोळा घेतला. धंदा हा शब्द आम्ही जाणीवपूर्वक वापरीत आहोत. गाणे जितके जहाल, तितके ते अधिक ऐकले जाते. आणि जितके ऐकले जाते, तितका पैसा अधिक. कायदा नाही असे नव्हे. धर्म, जात वा भाषा यांवरून समाजांत वैर पसरविणे हा पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम १५३-अ खाली गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तो आजही गुन्हा आहे. शब्द बोललेले असोत वा लिहिलेले, कायदा दोहोंनाही लागू आहे. गायिल्याने त्यांना सूट मिळते, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ती सूट आपण दिली आहे.

‘एकाच समाजाची उणी काय काढता?’ असा प्रश्न येणारच. उत्तर देण्यास आम्ही तयार आहोत. स्वतःला इस्लामिक स्टेट म्हणविणाऱ्या क्रूर संघटनेने २०१३ मध्ये ‘अजनाद’ नावाची संस्था केवळ युद्धगीते काढण्यासाठी स्थापली. वाद्य निषिद्ध, म्हणून नुसत्या कंठस्वरांची, तलवारीच्या खणखणाटाची गाणी तिने जगभर पोचविली. अफगाणिस्तानात तालिबानच्या अधिकाऱ्यांनी जुलै २०२३ मध्ये हेरातला हार्मोनियम, तबला, गिटार यांची होळी केली. परंतु स्वतःची प्रचारगीते मात्र त्यांना हवीच असतात! आमच्याच विदर्भात, गडचिरोलीच्या जंगलात, माओवाद्यांच्या चेतना नाट्य मंचाने गोंडी-माडिया मुलामुलींना त्यांच्याच चालींवर, त्यांच्याच नाचात गोवले. वनखात्याच्या जाचाने गांजलेल्या पोरांना गाणे गोड वाटले. मागोमाग बंदूक आली. रंग भगवा असो, हिरवा असो वा लाल असो, भरतीचा ढोल सर्वत्र सारखाच वाजतो.

आणि आपण ख्रिस्ती? आपल्याकडे बोट वळविल्याशिवाय हा लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च शहरात एका मारेकऱ्याने दोन मशिदींत ५१ जणांना ठार केले. मशिदीकडे जाताना त्याच्या मोटारीत एक गाणे वाजत होते. १९९० च्या दशकातील बोस्नियाच्या युद्धात सर्ब सैनिकांनी केलेले, मुस्लिमांना धमकाविणारे. कित्येक वर्षे तरुण पोरे ते थट्टा म्हणून एकमेकांना पाठवीत होती. तेथेही कोणी ना कोणी म्हटलेच असेल, गाणेच तर आहे!

त्याहून दारुण उदाहरण रवांडाचे. आफ्रिकेतील हा छोटा देश. बहुसंख्य प्रजा बाप्तिस्मा घेतलेली आणि त्यातही कॅथोलिकांची संख्या सर्वांत मोठी. जुलै १९९३ मध्ये तेथे एक नवी आकाशवाणी सुरू झाली. लोक तिच्याकडे वळले ते तिच्यावरील झकास गाण्यांमुळे. गाण्यांच्या मधल्या जागेत तुत्सी लोकांविषयी विष पेरले जाई. एप्रिल १९९४ पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. कित्येक तर आश्रयासाठी चर्चमध्ये धावली आणि वेदीपाशीच कापली गेली. सिमोन बिकिंदी हा तेथील लाडका गायक-कवी. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ डिसेंबर २००८ रोजी त्याला पंधरा वर्षांची शिक्षा दिली. ती त्याच्या गीतांच्या रचनेबद्दल नव्हती. ध्वनिक्षेपक बसविलेल्या गाडीतून, मारेकऱ्यांच्या ताफ्यासोबत, त्याचीच गाणी वाजवीत जाताना त्याने तुत्सींच्या संहाराची हाक दिली, त्याबद्दल होती. ध्वनिक्षेपक बसविलेली गाडी! हा निकाल वाचताना किन्हीराजाचा चहा आमच्या घशाशी आला. २० मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल देवाकडे क्षमा मागितली. त्या पापांत धर्मगुरूंचीही पापे होती.

मग काय, गाण्यांवर बंदी घालावी? मुळीच नाही. वाद्ये जाळणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. शिवाय बंदीचा दंडुका कोणाच्या पाठीवर पडतो, तेही पाहिले आहे. पुण्याच्या कबीर कला मंचाचे शाहीर जातीयतेविरुद्ध गात होते. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून २०११ पासून त्यांच्यापैकी अनेकांना अटक झाली आणि कित्येकांना जामिनासाठी वर्षे मोजावी लागली. अन्यायाचे नाव घेणारे गीत आणि माणसांच्या जमातीला लक्ष्य करणारे गीत यांत फरक आहे. जुलमी माणसाने जुलूम सोडला की पहिल्या गीताचे भांडण मिटते. दुसऱ्या गीताला मात्र समोरच्याचे असणेच खुपते. पवित्र मरियेच्या स्तोत्रातही बलवंतांना आसनांवरून खाली ओढल्याचा जयघोष आहे, पण त्यात कोणत्याही वंशाला शाप नाही. आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. ज्याच्या दारासमोर गाणे वाजते आहे, त्याला बाहेर बोलावून, त्याच्या खांद्यावर हात ठेवून, ते त्याच्याबरोबर गाता येईल काय? येत नसेल, तर तो पेनड्राइव्ह परत करावा.

ही कसोटी चर्चने स्वतःला लावून पाहिली आहे, म्हणून ती सांगण्याचा आम्हाला थोडा अधिकार आहे. संत पोप जॉन तेविसावे यांनी १९५९ मध्ये शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेतून ज्यू लोकांना हिणविणारा शब्द काढून टाकला. १९७१ मध्ये आलेल्या नव्या दैनिक प्रार्थनाविधीतून शापवाणी असलेली तीन संपूर्ण स्तोत्रे, ५८, ८३ आणि १०९, वगळण्यात आली. १३७ व्या स्तोत्राच्या अखेरीस बाबेलच्या तान्ह्या लेकरांविषयी जी भयंकर इच्छा आहे, तीही आता आम्ही धर्मगुरू प्रार्थनेत म्हणत नाही. ती स्तोत्रे बायबलमध्ये आहेत आणि राहतील. त्यांमागे पददलितांचा आक्रोश आहे. परंतु रोज तोंडाने गाण्याची गोष्ट वेगळी, हे चर्चने ओळखले. देवाच्या ग्रंथातील ओळींबाबत जी सावधगिरी बाळगली जाते, ती बाजारातल्या ध्वनिफितीबाबत आपण का बाळगू नये?

वैदर्भीय माणसाला हे परके वाटण्याचे कारण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि गाडगेबाबांचे कीर्तन याच मातीत घुमले. त्यांनी माणसे जमविली ती गाव झाडण्यासाठी, कोणाला हाकलण्यासाठी नव्हे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या गायिले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या छंदात प्रभूला आळविले. एवढा वारसा असताना आमच्या मुलांना दुसरे कडवे का येत नाही? आम्ही त्यांना गाणे दिले नाही, म्हणून रस्त्याने दिले. रिकाम्या कंठात कोणीतरी शिरणारच.

तेव्हा वाचकहो, काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. सणासाठी ध्वनिक्षेपक घ्यावयाचा असेल तर गाण्यांची यादी आधी लेखी ठरवावी, आणि ती आम्ही धर्मगुरूंनीही वाचावी. धर्मशिक्षणाच्या वर्गात दर आठवड्याला एक गीत अर्थासह पाठ करून घ्यावे. गावातील भजनी मंडळाला नाताळच्या संध्याकाळी आपल्या अंगणात गाण्याचे आमंत्रण द्यावे आणि त्यांनी बोलाविले तर आपणही जावे. मुलांच्या फोनवर काय वाजते हे रागावून नव्हे, शेजारी बसून ऐकावे. आणि त्या तरुणाचे काय? त्याला दूर लोटून आमची जबाबदारी संपत नाही. त्याचा दर कमी म्हणून आम्ही त्याला बोलाविले होते. यापुढे पुरा दर देऊन बोलावू. आपल्या लग्नांची, बारशांची, सणांची कामे त्याला मिळाली तर तो पेनड्राइव्ह नाकारणे त्याला थोडे सोपे जाईल. पुढच्या वेळी किन्हीराजाला आम्ही त्याला हे सांगणार आहोत, आणि चहाचे पैसे आम्ही देणार आहोत. तो ऐकेलच, अशी हमी आमच्यापाशी नाही.

उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात एक विलक्षण कुटुंब भेटते. लामेखाचा एक पुत्र युबाल, तो वीणा आणि पावा वाजविणाऱ्यांचा मूळपुरुष; दुसरा तुबल-काइन, तो तांब्या-लोखंडाची धारदार हत्यारे घडविणारा. वाद्य आणि शस्त्र एकाच घरात जन्मले. त्या घरचा बाप आपल्या बायकांना जे पद ऐकवितो, ते एका तरुणाला ठार मारल्याच्या बढाईचे आहे. काइनाबद्दल सातपट सूड, तर माझ्याबद्दल सत्याहत्तरपट, अशी त्याची फुशारकी. पुष्कळ शतकांनंतर पेत्राने प्रभूला विचारले, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? प्रभूने उत्तरात लामेखाचाच आकडा घेतला आणि त्याचा सूर पालटला. सुडाचा हिशेब क्षमेचा झाला. आपल्या घरातही युबाल आणि तुबल-काइन दोघे नांदत आहेत. मुलांच्या ओठी कोणत्या बापाचे पद द्यावयाचे, हे येत्या सणाच्या आधी प्रत्येक धर्मग्रामाने ठरवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.